व्हिडिओ काढायला तिसरा हात कुठून आणायचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन मागवलेली वस्तू खराब निघाली तर काय करावे, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, नाहीतर पैसे विसरा, असा पहिलाच सल्ला. हे ठरवले कोणी? ही कंपन्यांनी घातलेली अट आहे. लेखकमहाशयांनी ती कायद्याच्या थाटात सांगितली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असे स्वच्छ म्हटले आहे. व्हिडिओचा त्यात मागमूसही नाही.

गेल्या मे महिन्यात लोणच्यासाठी चिनीमातीची बरणी मागवली. बोहरी आळीत मिळते, ठाऊक आहे. पण बरणी घेऊन रिक्षात चढणे गुडघ्यांना झेपत नाही. डिलिव्हरीच्या मुलाने दारातच ओटीपी मागितला. उघडून बघतो म्हटले, तर 'काका, अजून पुष्कळ पार्सलं आहेत'. त्या पोराला तरी काय बोलायचे! आत बरणी अख्खी दिसली. सौभाग्यवतींनी टिचकी मारली, तर आवाज बद्द. खिडकीशी नेली तेव्हा कानापासून बुडापर्यंत केसाएवढा तडा दिसला. हा तडा व्हिडिओत दिसला असता? आणि एका हातात कात्री, दुसऱ्यात खोके, मग मोबाइल कोणी धरायचा? शेजाऱ्यांना बोलवायचे?

कंपनीचे उत्तर ठरलेले: 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, व्हिडिओ पाठवा.' फोटो पाठवले, तरी पुन्हा तेच. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळावर असावे लागते. होते, अगदी तळाशी, भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरांत. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा नियम आहे. मला पोचही आली नाही. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते लोक आदेश देत नाहीत, तक्रार कंपनीपुढे ठेवतात. तेवढ्याने पैसे खात्यात आले, व्हिडिओशिवाय! तोवर बाजारातून कैरी गेली होती, ती गोष्ट वेगळी.

या १९१५ ला आपल्या लेखात अर्धी ओळ. जिल्हा ग्राहक आयोगाचा तर उल्लेखच नाही. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि कंपनी कुठल्याही राज्यातली असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. बरणीसाठी आयोगात कोण जाणार, हे मान्य. कंपन्याही त्याच भरवशावर आहेत. पण बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ज्या पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तिथल्या वर्तमानपत्राने निदान एवढे तरी छापायला हरकत नव्हती.

आणखी एक. कालच्याच अंकाला पुढून-मागून ऑनलाइन सेलच्या जाहिरातीचे वेष्टन होते. मुख्य बातमी शोधायला पाने उलटावी लागली. वेष्टन घालायचेच असेल तर शब्दकोडे तरी त्याच्या मागे छापू नका. रद्दीबरोबर तेही गेले.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
नारायण पेठ, पुणे