हिरवी टिक दिलीत, आता जबाबदारीही घ्या

मिरज, दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(आपले नाव आणि संपर्क साइटवर ठळक असायला हवा. मला तो सापडला नाही, म्हणून नुसत्या पदनामाने लिहिते आहे.)

विषय : एकमेकांत न बसणारे कॉम्प्युटर पार्ट्स पाठवल्याबद्दल आणि ते बदलून देण्याऐवजी रॅमसकट सगळी ऑर्डर परत मागितल्याबद्दल.

महोदय / महोदया,

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी आपल्या साइटवरून डेस्कटॉप कॉम्प्युटरचे सुटे पार्ट्स मागवले. प्रोसेसर, मदरबोर्ड (बाकीचे पार्ट्स ज्यावर बसतात तो), रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी), एसएसडी (फाइली साठवायला) आणि एसएमपीएससह, म्हणजे पॉवर सप्लायसह, कॅबिनेट, एवढी ऑर्डर होती. पैसे आगाऊ भरले. पार्सल दिवाळीच्या आधी आले. आज संक्रांत तोंडावर आली तरी त्या पार्ट्सचा कॉम्प्युटर झालेला नाही, आणि आपले उत्तर असे की यात कंपनीची काही चूक नाही.

मी डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, दुकानांचे फ्लेक्स, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. जुने मशीन चौथ्या पिढीच्या आय-३चे आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, म्हणून नवे मशीन घेणे भागच होते. तयार ब्रँडेड कॉम्प्युटर पाहिले. माझ्या बजेटमध्ये त्यांत बहुतेक ठिकाणी ८ जीबी रॅम मिळत होती. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स फोटोशॉपमध्ये दहा-बारा लेअर्सवर उघडला की ८ जीबीचे काय होते, ते हे काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून पार्ट्स निवडून असेंबल करायचे ठरवले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच करत असल्यामुळे मुद्दाम आपली साइट निवडली. कारण आपल्याकडे ते ‘पीसी बनवा’ नावाचे टूल आहे. एकेक पार्ट निवडत गेले की खाली पट्टी दिसते आणि शेवटी हिरवी टिक येऊन लिहिलेले असते : ‘सर्व पार्ट्स एकमेकांशी जुळतात.’ या पानाचा स्क्रीनशॉट मी पैसे भरण्याआधी घेतला होता. तो सोबत आहे.

यात दोन गोष्टी मी स्वतः विचार करून निवडल्या होत्या. पहिली, इंटेलचा आय-५ १२४०० प्रोसेसर. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि मुख्य म्हणजे त्यातच ग्राफिक्स, म्हणजे मॉनिटरवर चित्र दाखवण्याची सोय, आहे. मी गेम खेळत नाही, व्हिडिओ एडिट करत नाही. कोरलड्रॉ आणि फोटोशॉपसाठी मला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. बोर्डाच्या एचडीएमआयला एक मॉनिटर आणि डिस्प्लेपोर्टला दुसरा, एवढे पुरते. दुसरी, ३२ जीबी डीडीआर-५, म्हणजे नव्या प्रकारची, रॅम, १६-१६ च्या दोन पट्ट्या. या पिढीच्या प्रोसेसरला आधीची डीडीआर-४ही चालते, हे मला ठाऊक होते. पण पुढे कधी बोर्ड आणि प्रोसेसर बदलला तर डीडीआर-५ सोबत नेता येते, म्हणून थोडे जास्त पैसे घातले. मदरबोर्ड आणि कॅबिनेट मात्र आपल्या टूलने ‘शिफारस’ म्हणून सुचवलेलेच घेतले.

आता पार्सलमध्ये काय निघाले ते पाहा.

रॅम बोर्डात बसेना. पट्टी स्लॉटवर उभी धरली, दोन्ही टोके खाचांत आली, पण मधली खाच स्लॉटमधल्या उंचवट्याच्या जरा शेजारी येत होती. उलटी करून पाहिली तर आणखीनच लांब. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्हींना २८८ पिना असतात, लांबीही सारखीच असते. मधल्या खाचेची जागा मात्र मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, म्हणजे एकीच्या जागी दुसरी चुकूनही बसू नये. बोर्डाच्या खोक्यावरचे स्टिकर वाचले तेव्हा कारण कळले. मॉडेलच्या नावापुढे अगदी बारीक अक्षरांत ‘डी४’ आहे. म्हणजे हा बोर्ड डीडीआर-४ चा. एकाच बोर्डाची दोन रूपे निघतात आणि नावात फरक एवढ्या शेपटाचाच असतो. आपल्या टूलमध्ये आणि बिलावर मात्र नाव ‘बी७६०एम’वरच थांबले आहे, शेपूट कुठेच नाही. मग ग्राहकाने ते वाचायचे तरी कुठे?

मी त्याच दिवशी कस्टमर केअरला फोन केला. पलीकडच्या मुलाने सांगितले, “मॅडम, रॅमला थोडा जोर लावावा लागतो. नवीन लोक घाबरतात. अंगठ्याने दाबा, टक् आवाज येईल.” मी जोर लावला नाही, हे आपले नशीब आणि माझेही. लावला असता तर स्लॉट तडकला असता आणि आज आपण ‘फिजिकल डॅमेज’ लिहून हात वर केले असते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. तिथल्या मुलाने त्याच्याकडची डीडीआर-४ ची पट्टी लावून पाहिली. पंखा फिरला. बोर्डावरचा रॅमचा लाल दिवा लागला आणि विझला, पण त्याच्या शेजारचा ‘व्हीजीए’चा, म्हणजे डिस्प्लेचा, दिवा लागला तो तसाच राहिला. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. त्याने पंखा काढला, प्रोसेसरवरची पेस्ट पुसली आणि वरची अक्षरे वाचून म्हणाला, “ताई, हा एफ आहे. याच्यात ग्राफिक्सच नाही. डिस्प्ले कुठून येणार?” मी बिल पुढे केले. बिलावर आय-५ १२४०० आहे, प्रोसेसरवर आणि खोक्यावर १२४००एफ. ज्याला कार्ड लावायचेच आहे त्याच्यासाठी एफ उत्तम आहे, स्वस्तही पडतो, वेगातही फरक नाही. माझ्यासाठी तो निरुपयोगी आहे. आणि पैसे आपण बिगर-एफचेच घेतले आहेत. त्या आठवड्यात आपल्याच साइटवर दोघांच्या किमतीत तीन हजारांच्या वर फरक होता. हे चुकून झाले असेल तर ती चूक कळवल्यावर दुरुस्त व्हायला हवी होती. ती झाली नाही, म्हणून मला आता ‘चूक’ हा शब्द वापरताना अडखळायला होते.

ई-मेलवर आलेले आपले उत्तर मी जपून ठेवले आहे. त्यात लिहिले आहे की १२४०० स्टॉकमध्ये नसल्याने ‘समतुल्य उत्पादन’ पाठवले, आणि डिस्प्ले हवा असेल तर आमच्याकडून आरटीएक्स ३०५० हे ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड सवलतीत घ्या. समतुल्य कोणाच्या हिशेबाने? मला विचारले होते का? फोन नाही, मेसेज नाही, एका ओळीची मेलही नाही.

आणि ते कार्ड मी घेतले असते तर पुढे काय झाले असते, याचा हिशेब आपल्या तंत्रज्ञांनी एकदा मांडावा. आपण कॅबिनेटबरोबर दिलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॅट’ लिहिले आहे. कुशीवरचे लेबल वाचले तर १२ व्होल्टच्या पुढे १५ अँपिअर आहेत. बारा गुणिले पंधरा, १८० वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात, बाकीचे आकडे बेरीज फुगवायला आहेत. १२४००एफ पूर्ण ताकदीने चालताना ११७ वॅटपर्यंत जातो. ते कार्ड १३० वॅटचे आहे, त्याची निर्माती कंपनी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते आणि त्याला आठ पिनांची वेगळी केबल लागते. आपल्या एसएमपीएसला ती केबलच नाही. म्हणजे पहिली चूक झाकायला दुसरी खरेदी, ती लागू पडावी म्हणून तिसरी. बरे, ही शिफारस करताना त्याच हिरव्या टिकवाल्या टूलमध्ये माझी ऑर्डर घालून पाहावी, एवढेही कुणाला सुचले नाही.

त्यानंतर आपला पवित्रा बदलला. आपण लिहिलेत की टूल केवळ मार्गदर्शनासाठी आहे आणि पार्ट्स जुळतात की नाही याची खात्री करणे ही ग्राहकाची जबाबदारी, असे अटींमध्ये नमूद आहे. शिंप्याने माप घ्यायचे, सदरा आखूड झाला की मापाची खात्री गिऱ्हाईकाने करायची होती म्हणायचे, त्यातला हा प्रकार. ज्याला सगळे जुळवता येते तो आपले टूल उघडतच नाही. तो मुंबईला लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन चार दुकाने फिरतो. ते टूल आहेच मुळी माझ्यासारख्या पहिल्यांदा मशीन बांधणाऱ्यांसाठी. त्याच्या भरवशावर आपण विक्री करता, जाहिरातीत तेच पुढे करता. मग विकताना टिक खरी आणि तक्रार आली की टिक खोटी, असे कसे चालेल? आणि बिलावरचा प्रोसेसर न पाठवण्यात तर टूलचा संबंधच नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यामुळे हे पत्र ई-मेलवर न भागवता स्पीड पोस्टाने पाठवत आहे. डिसेंबरच्या शेवटी आपण कळवलेत की ‘सद्भावना म्हणून’ सगळी ऑर्डर परत घेऊ, खोकी उघडलेली असल्याने दहा टक्के हाताळणी शुल्क कापू आणि उरलेली रक्कम देऊ. वरवर हे बरे वाटते. पण मधल्या काळात रॅमचे काय झाले, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एआयच्या डेटा सेंटर्सकडे मेमरी वळल्यामुळे वर्षअखेरीस भाव भडकले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकणेच थांबवत असल्याचे जाहीर केले. मी ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या त्याच ३२ जीबीच्या जोडीची किंमत आज आपल्या साइटवर दुपटीच्याही वर आहे. या ऑर्डरमध्ये बिनचूक, बिलाप्रमाणे आलेल्या आणि मला हव्या असलेल्या पार्ट्सपैकी सगळ्यात महत्त्वाचा कोणता, तर रॅम. आणि नेमका तोच आपल्याला जुन्या भावाने, वर दहा टक्के कापून परत हवा आहे. आपला हेतू काय आहे हे मला माहीत नाही, पण हिशेब उघड दिसतो. ऑक्टोबरमध्येच बोर्ड आणि प्रोसेसर बदलून दिला असता तर हा प्रश्नच आला नसता. उशीर आपण केलात, त्याची किंमत मी का मोजू?

म्हणून मागणी स्पष्ट लिहिते. डीडीआर-४ चा बोर्ड परत न्यावा आणि त्याच दर्जाचा डीडीआर-५ चा बोर्ड द्यावा. १२४००एफ परत न्यावा आणि बिलावर लिहिलेला १२४०० द्यावा. तो खरोखरच मिळत नसेल तर त्याच सॉकेटचा (बोर्डावरच्या त्याच जागेत बसणारा), ग्राफिक्स असलेला दुसरा प्रोसेसर चालेल, पण कोणता ते आधी मला लेखी विचारून आणि जादा पैसे न घेता. एसएमपीएस परत घेऊन त्याची किंमत द्यावी, तो मी इथे पाहून घेईन. रॅम आणि एसएसडी माझ्याकडेच राहतील. नेण्या-आणण्याचा खर्च आपला, हाताळणी शुल्क एक रुपयाही नाही, आणि बदललेल्या पार्ट्सची वॉरंटी ते माझ्या हाती पडल्याच्या तारखेपासून. बोर्डाच्या सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण मी जपून ठेवले होते, ते परत बसवले आहे. आतल्या पिनांचे जवळून काढलेले फोटोही सोबत आहेत. बोर्ड आपल्याकडे पोहोचल्यावर ‘पिन वाकलेली आहे’ असा निरोप येऊ नये, म्हणून हे आधीच लिहून ठेवते. तसेच खोके उघडले म्हणून कापाकापी करण्याचा मुद्दा पुन्हा काढू नये. प्रोसेसर एफ आहे की नाही आणि बोर्ड डी४ आहे की नाही, हे खोके उघडल्याशिवाय कळण्याची सोय आपण ठेवली नव्हती.

टूलमध्ये बोर्डाचे पूर्ण नाव दाखवावे आणि एफ प्रोसेसर निवडला असता कार्ड नसेल तर तिथेच इशारा द्यावा, ही मागणी माझ्या नुकसानभरपाईचा भाग नाही. पण माझ्यामागून येणाऱ्यासाठी तीही लिहिते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत तिची पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. माझ्या आधीच्या ई-मेलला आलेले ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ हे आपोआप येणारे उत्तर मी निवारण समजत नाही. महिन्याभरात वरीलप्रमाणे झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, त्यामुळे मला त्यासाठी आपल्या शहरात येण्याची गरज नाही. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली सगळी लग्नसराई मी जुन्या मशीनवर आणि दुसऱ्याच्या दुकानात भाड्याने बसून काढते आहे. त्या भाड्याच्या पावत्याही तिथे जोडीन.

उत्तर लेखी द्यावे. फोनवर बोलणाऱ्या मुलांचा यात दोष नाही, त्यांना जे वाचायला दिले आहे ते ती वाचतात. त्यामुळे ज्याला बोर्ड बदलून देण्याचा अधिकार आहे त्याच्याच सहीचे उत्तर अपेक्षित आहे.

आपली,
(सही)
डीटीपी व्यावसायिक, मिरज

सोबत : बिलाची प्रत, टूलच्या पानाचा स्क्रीनशॉट, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ (पेनड्राइव्हवर), प्रोसेसर, बोर्डाचे स्टिकर, सॉकेट आणि एसएमपीएसचे लेबल यांचे फोटो, आपल्या ई-मेल्सच्या प्रती.