‘आजचा दिवस वर्ग सांभाळून घ्या’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या फीवाढीबद्दल वर्तमानपत्रांत दर वर्षी बरंच छापून येतं आणि ते यायलाच हवं. पण ती फी भरून मूल ज्या वर्गात बसतं, त्या वर्गावर दिवसभर नेमकं कोण असतं, हे कुणी विचारताना दिसत नाही. म्हणून हे पत्र.

धायरी-सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी सहा वर्षं सहायक आहे. मुलं मला ताई म्हणतात. डबे उघडून देणं, पेन्सिलींना टोक करणं, शी-सूला नेणं, आईसाठी रडणाऱ्याला जवळ घेऊन बसणं हे माझं काम. ते मला मनापासून आवडतं. माझं शिक्षण बारावी. बालवाडीचा कोर्स मी केलेला नाही आणि शाळेने घेताना तशी अटही घातली नव्हती, कारण टीचरच्या हाताखाली राहायचं होतं.

पण महिन्यातून चार-पाच वेळा तरी सकाळी सुपरवायझर मॅडम दारात येतात आणि म्हणतात, ‘टीचर आज येणार नाहीत, आजचा दिवस वर्ग सांभाळून घ्या.’ कधी टीचरना ताप असतो, कधी त्या नोकरी सोडून गेलेल्या असतात आणि नवीन मिळेपर्यंत तीन आठवडे जातात. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, तेव्हा आमच्याकडच्या काही टीचर निवडणुकीच्या कामाच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. तेव्हा मला वर पहिलीच्या वर्गावरही पाठवलं होतं. पगार मात्र सहायकाचाच, टीचरच्या निम्म्याहूनही कमी. त्याबद्दलही राग आहे, पण तो वेगळा विषय.

एक दिवस सांगते. सीनियर केजीचा वर्ग, ३२ मुलं, मी एकटी. एक मुलगा उठून म्हणाला, ‘ताई, सू.’ त्याला पँटचं बटण काढता येत नाही, हे मला माहीत होतं. बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला. मावशींना हाक मारली, त्या खाली गेटवर होत्या. मी एक पाय वर्गात, एक पाय बाहेर अशी उभी राहिले. शेजारच्या वर्गातल्या टीचरना खूण केली, पण त्यांचा स्वतःचा तास चालू होता. तेवढ्यात त्याची पँट ओली झाली. तो इतका शरमला, की भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला तसं सोडवेना. दप्तरातले जादा कपडे काढून मी त्याला कोपऱ्यात बदलायला घेतलं, सगळी मिळून दोन-तीन मिनिटं. मागे खिडकीजवळच्या बाकावर दोघे चढले, एक घसरला आणि बाकाची कड हनुवटीला लागली. तीन टाके पडले.

डायरीत लिहिलं गेलं : ‘खेळताना पडला.’ संध्याकाळी पडलेल्या मुलाच्या आईने विचारलं, ‘टीचर कुठे होत्या?’ ऑफिसमध्ये मला आधीच सांगून ठेवलं होतं, की टीचर वर्गातच होत्या असं म्हणायचं. मी तसं म्हटलं नाही. पण खरंही बोलले नाही, मान खाली घालून उभी राहिले. ते मला अजून खातं.

आणि ज्या दिवशी कुणी पडत नाही, तो दिवसही काही बरा जात नाही. कुणाला काय येतं, कुणाला कुठे अडतं हे टीचरना ठाऊक असतं, मला नसतं. मी फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावते, रंगवायला देते आणि शेवटी ‘बोट तोंडावर’ म्हणते. पाच वर्षांच्या मुलांना तासभर बोट तोंडावर ठेवून बसवणं म्हणजे शाळा नव्हे, हे बारावी शिकलेल्या मलाही कळतं.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे आणि तो शिक्षक पात्रताधारक हवा. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायला सांगितलं. पंधरा-वीस वर्षं शिकवणाऱ्या बाई परीक्षेच्या धास्तीने अभ्यासाला बसल्या आहेत आणि त्यांच्या रजेच्या दिवशी तोच वर्ग माझ्यासारखीच्या हाती दिला जातो. केजीचं तर याहून अवघड. हा कायदा ६ ते १४ वयाचा, त्यामुळे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हे प्रमाण लागू नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. मग पायातल्या पहिल्या तीन वर्षांना शिक्षकाचं बंधन का नको?

माझी जाऊ मुळशी तालुक्यात अंगणवाडीत मदतनीस आहे. सेविका मीटिंगला किंवा सर्वेक्षणाला गेल्या, की चुलीवरची खिचडी आणि समोरची मुलं दोन्ही तिच्याकडे. म्हणजे हे फक्त खासगी शाळांचंच दुखणं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली. त्यानंतर आमच्या व्हरांड्यात कॅमेरे लागले आणि लहान मुलींना बाथरूमला एकटं सोडायचं नाही, बाईनेच सोबत जायचं, अशी सूचना आली. सूचना अगदी योग्य आहे. पण वर्गात मी एकटी असताना ती पाळायची, तर बाकीच्या ३१ जणांना कुणाच्या भरवशावर सोडू? आणि नाही पाळली तर त्या एका मुलीचं काय?

माझं शाळांना एवढंच सांगणं आहे, की रजा, आजारपण, निवडणूक ही कामं दर वर्षी येणारच आहेत. त्यासाठी प्रशिक्षित बदली शिक्षिका पगारावर ठेवा. ती नसेल त्या दिवशी सुपरवायझर मॅडमनी किंवा मुख्याध्यापिकांनी स्वतः वर्गावर यावं, मी मदतीला आहेच. केजीच्या वर्गात कोणत्याही क्षणी दोन मोठी माणसं हवीतच. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत फीवर तासन्‌तास चर्चा होते. पालकांनी तिथे गेल्या महिन्याचं बदली तासांचं रजिस्टर मागावं. आणि टीचर रजेवर असतील त्या दिवशी वर्ग कुणाकडे होता, ही एक ओळ डायरीत लिहून घरी पाठवावी. खोटं लिहायची वेळ येणार नाही आणि माझं नाव लिहिण्याआधी शाळा दोनदा विचार करेल.

पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती. नोकरीची मला गरज आहे.

आपली,
एक सहायक ताई, धायरी, पुणे