स्नायू शिवण्याआधी सोनोग्राफी हवी

बाळंतपणानंतर शौचावरचे नियंत्रण सुटण्याविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. बाळंतपणात फाटलेला गुदद्वाराचा स्नायू शिवला की प्रश्न मिटतो, हा त्यातला सूर मात्र पटला नाही. या शस्त्रक्रियेत स्नायूची फाटलेली टोके एकावर एक घेऊन शिवतात. सुरुवातीला फरक चांगला पडतो, पण 5 ते 10 वर्षांत तो बऱ्याच जणींत ओसरतो. फाट कुठे व केवढी, हे गुदमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत दिसते. ती न करता टाके घालण्याची घाई नको. त्रिकास्थीतील (पाठीच्या कण्याच्या तळाच्या हाडातील) नसेला विद्युतस्पंदने देणारे यंत्र हा दुसरा पर्याय. आधी तात्पुरती तार बसवून 2-3 आठवडे रोजची नोंद ठेवतात. गळती निदान निम्म्याने घटली तरच यंत्र कायमचे बसवतात. पेडण्याहून वा काणकोणहून बांबोळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गाठणाऱ्या बाईला हे सारे टाक्यांआधीच मोकळेपणाने सांगायला हवे.

– एक शल्यचिकित्सक, म्हापसा