कॅरव्हॅन दुरुस्त झाली, मनापासून आभार

इंग्लंडमध्ये घेतलेली आमची नवी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, अखेर दुरुस्त होऊन आली. वॉरंटी होती, पण पुढच्या खिडकीची बदलायची फ्रेम काही केल्या येत नव्हती आणि कोपऱ्यात पाणी मुरत होतं. विक्रेता कारखान्याकडे बोट दाखवायचा, कारखाना विक्रेत्याकडे.

ज्यांच्यामुळे हे मार्गी लागलं, त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. लेक डिस्ट्रिक्टच्या कॅम्पसाइटवर शेजारी उतरलेले एक आजोबा आपलं ओलावा मोजायचं मीटर घेऊन आले, भिंतीला जागोजागी टेकवून आकडे कागदावर उतरवून दिले. १५ टक्क्यांपर्यंत काळजी नसते, २० च्या वर गेलं की दुरुस्ती हवीच, हे त्यांनीच समजावलं. आमचा कोपरा त्याच्याही वर होता! तो कागद पुढे फार उपयोगी पडला.

सल्ला केंद्रातल्या स्वयंसेवक बाईंनी २०१५ चा ग्राहक हक्क कायदा फोनवर शांतपणे सांगितला. जबाबदारी विकणाऱ्याची, पहिल्या ६ महिन्यांत दोष दिसला, तर तो मुळात नव्हता हे त्यानेच सिद्ध करायचं. तेच आम्ही पत्रात लिहिलं आणि हालचाल सुरू झाली.

आणि सुट्या भागांच्या काउंटरवरचा तो मुलगा. दर आठवड्याला स्वतःहून फोन करायचा, फक्त ‘अजून आलेलं नाही’ एवढं सांगायला. त्या फोनचा केवढा आधार वाटायचा! फ्रेम येईपर्यंत गळती थांबावी म्हणून त्याने तात्पुरती सीलिंग पट्टीही लावून दिली.

तुम्हा तिघांचे खूप खूप आभार. तसं मीटर आता आम्हीही घेतलंय. कॅम्पसाइटवर भेटलो तर हक्काने मागा.