मैदानाच्या तासाला तुमचा हात हवा आहे

सप्रेम नमस्कार.

मागच्या सत्रात सातवीच्या मुलांचे मैदानावर भांडण जुंपले. सरांनी फक्कीने अर्धवर्तुळाच्या दोन लेन आखल्या होत्या आणि बाहेरच्या लेनमधल्या मुलीला तीन-चार पावले पुढे उभे केले होते. "ती पुढे का? ही चीटिंग आहे!" सरांनी कोणालाच गप्प केले नाही, दोरी आणली. मुलांनी दोन्ही रेषांवर दोरी अंथरली, मग ती ताणून टेपने मोजली. दोन रेषांमध्ये अंतर एक मीटर, पण दोरीत फरक निघाला तीन मीटर आणि वर थोडा. मग त्यांनी याहून बरीच मोठी दोन अर्धवर्तुळे आखली, मधले अंतर तेच एक मीटर. फरक पुन्हा तेवढाच! वर्गात नुसता पाठ केलेला ३.१४ त्या दिवशी पायाखाली सापडला. ४०० मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या लेनचा धावपटू ७.०४ मीटर पुढून का सुटतो, हे आता तीच मुले आम्हाला समजावतात.

असे तास वर्षभर व्हावेत, म्हणून हे आवाहन.

पोर्शन मागे पडला की पहिला बळी जातो तो पी.टी.च्या तासाचा. आम्हाला उलटे करायचे आहे: इतर विषयांनीच मैदानावर यावे. बसल्या बसल्या १५ सेकंदांत मोजलेले नाडीचे ठोके गुणिले चार, मग दोन फेऱ्या धावून पुन्हा तेच, नंतर दर मिनिटाला ठोके कसे उतरतात याचा आलेख. मित्राने अचानक सोडलेली मोजपट्टी २० सेंटिमीटर घसरल्यावर बोटांत आली, तर प्रतिसादाला सुमारे ०.२ सेकंद लागले. डोळा, मेंदू, स्नायू हा सगळा प्रवास त्यात आला. गोळा जमिनीवरून नव्हे, खांद्याच्या उंचीवरून सुटतो, म्हणून तो सर्वांत लांब जाणारा कोन ४५ अंशांहून कमी असतो. हे फेकून पाहिलेले मूल विसरत नाही. भाषेच्या तासाला त्याच सामन्याचे धावते वर्णन लिहिता येते.

एक गोष्ट मात्र आम्ही ठरवून टाकली आहे. खेळ थांबवून तक्ते भरायचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल सांगते. त्यातली मिनिटे वहीला द्यायची नाहीत. मोजमाप दहा मिनिटांत उरकायचे, बाकी तास मनसोक्त धावायचे.

यासाठी फार काही लागत नाही. स्टॉपवॉच, ३० किंवा ५० मीटरचे टेप, जाड दोरी, वजनकाटा, फक्की. घरात पडून असलेला, पण कॅमेरा चालू असलेला मोबाइलही चालेल. उडीचे चित्रण सावकाश करून पाहिले की पाय कुठे चुकला ते मुलांना स्वतःलाच दिसते. वस्तू जुनी असली तरी चालेल, बिघडलेली मात्र नको.

वस्तूंपेक्षा माणसांची गरज जास्त आहे. निवृत्त विज्ञान शिक्षक, फिजिओथेरपिस्ट, पूर्वी मैदान गाजवलेले खेळाडू यांनी महिन्यातून एक तास द्यावा. आमचे क्रीडाशिक्षक एकटे आहेत आणि एका तासाला साठ मुले असतात. टेपचे दुसरे टोक धरायलासुद्धा कोणीतरी लागते.

पालकांना आणखी एक विनंती: मैदानाचा तास दुसऱ्या विषयाला गेल्याचे मुलाकडून कळले, तर आम्हाला जरूर कळवा.

वस्तू शाळेच्या कार्यालयात आणून द्याव्यात, त्यांची पोच मिळेल. वेळ देऊ शकणाऱ्यांनी तिथल्याच वहीत नाव आणि सोयीचा वार लिहावा.

आपला,
शिक्षक-पालक संघ