वायरीवरची तीन बोटं

प्रिय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तरी "बोला" म्हणून तिथल्याच कुणाशी तरी बोलायला लागता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय. नातू वाचून दाखवीलच.

अक्का पोचली. हरतालिकेच्या दुपारी बाबांच्या फोक्सवॅगन बीटलमधून वेंगुर्ल्याच्या अंगणात उतरली आणि चप्पल काढायच्या आधी गाडीच्या टपावर हात फिरवून आली. ऑपरेशनला तीन महिने झालेत, अजून जिना चढताना थांबते. पण "माहेरी येईन तर बाबांच्या गाडीतून" हा तिचा हट्ट होता. ती चालवायला शिकली ती याच गाडीवर. भाच्याची एसी गाडी दारात उभी असताना असा हट्ट धरणारी माणसं आमच्याच घरात निपजतात.

याच गाडीला तुम्ही हीटर बसवलात. आता जे हे वाचतील त्यांना प्रश्न पडेल की कोकणात गाडीला हीटर कशाला. मलाही लोक तोंडावर हसले. वेंगुर्ल्यात ऑगस्टमध्ये बनियन अंगाला चिकटतो हे मलाही ठाऊक आहे. पण अक्काचं गडहिंग्लज आंबोली घाटाच्या पलीकडे आहे. सावंतवाडी सोडून दाणोली मागे पडली की गाडी ६९० मीटर वर चढते, ढग रस्त्यावर उतरलेले असतात, आणि आत बसलेल्यांच्या श्वासाने, ओल्या छत्रीने काच आतून पांढरी होते. फडक्याने पुसा, पुढच्या वळणाला परत पांढरी. दरीच्या बाजूला फडकं फिरवत एका हाताने गाडी चालवण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

ही गाडी १९७० ची, १३०० मॉडेल. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, रेडिएटरच नाही. तेव्हा गरम पाण्यावर चालणारा हीटर तिला मुळातच नाही. कंपनीने केलेली सोय अशी की सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम नळ्यांभोवती पत्र्याच्या पेट्या, पंख्याची हवा त्यातून तापून दाराखालच्या पोकळ पट्ट्यांमधून पुढे काचेपर्यंत यायची. पन्नास वर्षं खारी हवा खाल्ल्यावर त्या पेट्यांची आणि पट्ट्यांची चाळण झाली. ऊब यायची बंद झाली आणि तिच्या जागी धुराचा वास येऊ लागला.

तुमच्याकडे येण्याआधी मी तिघांकडे जाऊन आलो. नावं घेत नाही, घ्यायची गरजही नाही, ते स्वतःला ओळखतील. पहिल्याने सांगितलं, गाडी विका. दुसऱ्याने जुन्या गाड्यांचा तज्ज्ञ म्हणून माझ्याकडून फक्त बघण्याचे पैसे घेतले आणि धुराच्या वासाला "जुन्या गाडीचा सुगंध" म्हणाला. तिसऱ्याने विजेवरचा हीटर आणून डॅशबोर्डखाली ठोकला. "पाच मिनिटांत गाडीत घाम येईल, साहेब." घाम आला खरा. जोडणी त्याने वायपरच्या फ्यूजवरून केली होती. दाणोलीच्या पुढे वायरीचं प्लास्टिक वितळलं, वायपर थांबले, आणि मी पावसात बोनेट उघडून उभा.

तुम्ही तो फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवलात. आठ अँपिअरचा, पांढरा, आणि त्याभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. तुम्ही शिवी दिली नाहीत. फक्त विचारलंत, "घरात कोण कोण बसतत ह्या गाडयेत?"

मग दुसरा प्रश्न. "तुमका ऊब व्हयी काय काच दिसाक व्हयी? आधी ता सांगा."

तीन महिन्यांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं काच. तेव्हा तुम्ही फ्यूजच्या रिकाम्या खोक्यावर पेन्सिलीने हिशेब मांडलात. डायनामो तीस अँपिअरचा, म्हणजे फार तर ३६० वॉट. हेडलाइट, वायपर, कॉइल, मागचे दिवे यांचं वजा केलंत. उरलं त्यात १५० वॉटचा हीटर काठोकाठ बसतो. घरात पाणी तापवायची कांडी १५०० ची असते, हा तिचा दहावा हिस्सा, तेव्हा गाडी गरम होईल ही आशा सोडा, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. बाकी काय केलंत ते तुमचं तुम्हाला माहीत. मला कळलं ते एवढंच की मागच्या सीटखालच्या बॅटरीपासून जाड वायर स्वतंत्र आली, तिचा फ्यूज बॅटरीपाशीच बसला, आणि डायनामो वीज देईनासा होऊन त्याचा लाल दिवा पेटला की हीटर आपोआप बंद होतो. धुराच्या वाटा तुम्ही आधी बुजवल्यात. "वास येता तोवर बरा, सायलेन्सरातल्या एका वायूक वासच नसता," म्हणालात. नऊ दिवस लावलेत. मी रोज चिडत होतो, तेही कबूल करतो.

पण आभार यासाठी नाहीत. कामाचे पैसे तुम्ही मोजून घेतलेत, दोनदा मोजलेत, ते योग्यच.

आभार त्या पहाटेचे. मी साडेचारला गाडी न्यायला आलो तर तुम्ही दुकानाच्या पायरीवर रेनकोट घालून बसलेले. मला वाटलं शटर उघडायला उठलात. तुम्ही डावीकडचं दार उघडून आत बसलात, चपला काढून पायाखाली वर्तमानपत्र घातलंत, आणि हात डॅशबोर्डखाली घातलात. ती जाड वायर हीटरला जिथे मिळते तिथे तुमची तीन बोटं.

"टेस्ट झाली ना काल?" मी विचारलं.

"काल पाऊस नव्हतो. वायर गरम झाली तर ती पयली माका सांगतली."

दाणोली गेली. पहिलं वळण, दुसरं. सेकंड गियरमध्ये गाडी रडत चढत होती, समोरच्या टेम्पोचे लाल दिवे धुक्यात विरघळत होते. काचेच्या खालच्या कडेला दोन अर्धचंद्र उमटले, हळूहळू वर सरकले, माझ्या डोळ्यांच्या रेषेपर्यंत आले आणि तिथेच टिकले. सबंध काच काही स्वच्छ झाली नाही. पण रस्ता दिसला, दरीचा कठडा दिसला. मी तुमच्याकडे बघितलं तर तुमचं लक्ष काचेकडे नव्हतंच. डोळे मिटलेले, मान थोडी कलती, आणि बोटं वायरीवर. तासभर. मधे फक्त हात बदललात.

मला माझे बाबा आठवले. डॉक्टर होते, हे तुम्हाला माहीत आहे. इंजेक्शन दिलं की पेशंटला बाहेरच्या बाकावर दहा मिनिटं बसवायचे. का ते सांगायचे नाहीत. घाईतल्या माणसांना राग यायचा. बाबा पुढचा पेशंट तपासताना दाराच्या फटीतून त्या बाकाकडे बघत राहायचे. काम करून देणारा आपल्याला कुठेही मिळतो, तिसऱ्याने पण करूनच दिलं होतं की. पण काम झाल्यावर त्याच्याजवळ थांबणारा माणूस मला बाबांनंतर त्या पहाटे दिसला. एखादा कंडक्टर म्हातारीला उतरवून ती रस्ता ओलांडेपर्यंत घंटी मारत नाही, ती तसली माणसं. असतात अजून. आपण चिडचिडीत असतो म्हणून नजर जात नाही.

आंबोलीला टपरीवर तुम्ही दोन चहा आणि कांदाभजी घेतलीत, एवढीच त्या फेरीची मजुरी. मी गाडी वळवून तुम्हाला खाली सोडतो म्हणालो. "मी येष्टीन जातंय. तुम्ही फुडे जावा, अक्का वाट बघत आसतली." रेनकोटची टोपी ओढून तुम्ही स्टँडच्या दिशेने चालू पडलात, आणि मी आरशात बघायला गेलो तर मागची काच पांढरी. तिला हीटर नाही.

परतीच्या वाटेवर हे सगळं अक्काला सांगितलं. घाट उतरताना ती गप्प झाली. मला वाटलं झोप लागली. बघतो तर वाकून डॅशबोर्डखाली हात घातलेला.

"कोमट लागतेय रे," म्हणाली. "एवढी चालते का?"

मला काही सांगता आलं नाही. ते विचारायला येत्या सोमवारी गाडी घेऊन येतो. तुमचा पिवळ्या मुठीचा टेस्टर सीटखाली सापडलाय, तोही आणतो. आणि अक्काने आजऱ्याचा घनसाळ तांदूळ दोन किलो तुमच्या नावाने वेगळा बांधून ठेवलाय. फोन उचला म्हणजे झालं.

तुमचा,
बीटलवाला