रिव्हरच्या राजाबद्दल

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या पोकर स्पर्धेबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. एक्क्याची जोडी हातात, सगळ्या चिप्स मध्ये, समोर राजाची जोडी, आणि रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पत्त्याला, राजा! त्याचे झाले तीन राजे. तेही बक्षिसांत यायला चारच माणसं बाद व्हायची बाकी असताना. जिव्हारी लागणारच. वहिनी फोनवर म्हणाल्या, गोव्याहून आल्यापासून जेवताना तोंडातून शब्द काढत नाहीत.

माबुचीचा हात आठवतो का? 2008, लास वेगास, पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा. मोतोयुकी माबुचीला चार एक्के लागले आणि समोरच्यानं रॉयल फ्लश, म्हणजे पोकरमधला सगळ्यात मोठा हात, दाखवला. त्याच्यापुढे तुझा राजा किरकोळच म्हणायचा. (हसलास तर बरं, नाहीतर शिव्या दे.)

पण ‘कधीतरी नशीब परतफेड करेलच’ हे तुझं वाक्य मला पटलं नाही. नाही करणार रे. पत्त्यांकडे उधारीची वही नसते. एक्क्याची जोडी राजाच्या जोडीला शंभरात साधारण 82 वेळा हरवते, उरलेल्या 18 वेळा हरते. आणि स्पर्धेत पुढे जायचं तर असा प्रसंग एकदाच येऊन भागत नाही. 80 टक्के तुझ्या बाजूनं असलेले चार ऑल-इन (सगळ्या चिप्स पणाला लावलेले हात) लागोपाठ जिंकायची शक्यता भरते फक्त 41 टक्के. कॅश गेममध्ये, म्हणजे रोख पैशांच्या टेबलावर, निदान खिशात हात घालून पुन्हा बसता येतं. स्पर्धेत री-एंट्रीची, म्हणजे पैसे भरून परत शिरायची, मुदत संपली की गेला तो गेला.

बक्षीस 15 टक्के लोकांना मिळतं असं धर. मग सर्वसाधारण खेळाडूनं सलग दहा स्पर्धांतून रिकाम्या हातानं परतायची शक्यता जवळजवळ 20 टक्के. तू त्याच्यापेक्षा बरा खेळतोस, मान्य. तरीही असा कोरडा काळ तुझ्या वाट्याला येणारच, आणि खरे पैसे तर पहिल्या दोन-तीन जागांतच असतात.

ऑनलाइन होतं तेव्हा तू एका रात्रीत चार-चार टेबलं उघडून बसायचास. तेव्हा ‘शेवटी सगळं बरोबर होतं’ या बोलण्यात थोडा तरी दम होता. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ते दार बंद झालं. आता राहिली गोव्यात मांडवीवरची कसिनोची जहाजं, तीही रजा मिळाली तर. या वेगानं निवृत्त होईपर्यंत तुझ्या शंभर स्पर्धा झाल्या तरी पुष्कळ, आणि तेवढ्यात चांगला खेळणारासुद्धा खुशाल तोट्यात राहू शकतो. पावसाची सरासरी कागदावर कितीही चांगली असो, पेरलं त्या वर्षी काय पडलं त्यावरच पीक येतं.

शिवाय आपल्याकडचा कर बघ. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के, आणि हरलेल्या स्पर्धांचे पैसे त्यातून वजा करायची सोय नाही. त्यामुळे गोव्याची फेरी उत्पन्नाच्या खात्यात मांडणं सोड, हौसेच्या खात्यात टाक. वर्षाची रक्कम वहिनींना सांगून ठरव आणि ती गेलीच असं समजून जा. मोठ्या बाय-इनचा (प्रवेश रकमेचा) मोह आवरत नसेल तर त्यातले हिस्से विक. वीस टक्के माझे, आत्ताच सांगून ठेवतो. आलं तर कर कापून जे उरेल त्यातलं दे, गेलं तर गेलं.

आणि जॅक स्ट्रॉसची गोष्ट मला पुन्हा सांगू नकोस. 1982 ला वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत तो एका चिपवरून उठून जिंकला, कबूल. एका चिपवर येऊन नंतर गुपचूप बाहेर पडलेल्यांच्या गोष्टी कोण सांगतो?

बाकी, रिव्हरच्या राजाला तू दीड पान दिलंस. त्याच्या तासभर आधी एक्का-गुलामावर अर्धा स्टॅक (चिप्सचा ढीग) गेला, हे मात्र एका ओळीत उरकलंस. मला त्या हाताचं ऐकायचंय. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी भरायच्या सक्तीच्या चिप्स) किती होते, तू कुठल्या जागेवर होतास, आधी रेझ कुणी केला, म्हणजे बोली कुणी वाढवली, दोघांपुढे किती चिप्स होत्या, सगळं लिही. पैसे आत गेले तिथेच थांब. पुढे कुठले पत्ते आले ते सांगू नकोस, म्हणजे मला कोऱ्या मनानं विचार करता येईल.

वहिनींना नमस्कार. छोटीला गोड पापा.

तुझा,
मिलिंद